ओकुनो मास्तर आणि विमानांचा बोर्ड

ओकुनो मास्तर हा माणूस मला कधी ताजातवाना दिसलाच नाही. ओसाकाजवळच्या आमागासाकीत आमच्या छपराखालच्या बाजारात माझं नाणं टाकून खेळायच्या मशीनचं दुकान आहे आणि मशीन बिघडलं की वर्षानुवर्षं दुरुस्तीला मास्तरच येतात. येतात तेच दमलेले. आधी स्टुलावर बसणार, बार्लीचा गार चहा पिणार, मग म्हणणार, "मावशी, या मशीनला आता तरी सोडा." मी म्हणायचे, "आधी तुम्ही सुटा, मग त्याला सोडते." एवढं झालं की मास्तर पाठीमागचं झाकण उघडायचे.

या उन्हाळ्यात बिघडला तो हिगाशीचा बोर्ड, म्हणजे मशीनच्या पोटातली खेळ चालवणारी चिपांची पाटी. हिगाशी म्हणजे आमचा टॅक्सीवाला. वय झालं म्हणून पोरानं मागे लागून त्याला लायसन परत करायला लावलं, तेव्हापासून रोज दुपारी येऊन विमानांचा तो जुना खेळ खेळतो. माझे मालक वारले तेव्हा मी निम्मी मशीनं मोडीत काढली होती. त्यातला हा बोर्ड हिगाशीनं विकत घेतला आणि माझ्याच दुकानात ठेवला. "गाडी गेली तरी विमान आहे," म्हणतो मेला. पण एकदा बोलून गेला होता, "हे बंद पडलं ना मावशी, तर मी घरी भिंतीकडे बघत बसेन आणि त्यातच जाईन." ते काही थट्टेनं म्हटलेलं नव्हतं.

पितरांच्या ओबोन सणाआधी पडद्यावरची विमानं दिसेनाशी झाली. गोळ्या येतात, आवाज येतो, विमान नाही. भाजीवाला म्हणाला, "हिगाशी-सान, विमानांनी पण लायसन परत केलं वाटतं!" सगळे हसले, हिगाशी हसला नाही. मी मास्तरांना फोन लावला.

मास्तर आले ते लांब हिमेजी गावचं काम उरकून. शर्ट पाठीला चिकटलेला, डोळे खोल गेलेले. मी म्हटलं, उद्या करा. म्हणाले, "उद्या काय मी तरुण होणार आहे?" आणि बोर्ड काढून मागच्या खोलीत नेला. तिथं त्यांचं स्वतःचं वीज देणारं खोकं आहे, त्यावर बोर्ड चालू केला आणि एकेका चिपवर बोट ठेवत गेले. एका चिपवरून बोट पटकन उचललं. तापली होती. तशीच एक चांगली चिप तिच्या पाठीवर दाबून धरली, तर पडद्यावर विमानं हजर! मी टाळ्याच वाजवल्या. मास्तर म्हणाले, "टाळ्या नंतर. आधी जुनी काढू द्या." जुन्या चिपचे तारेसारखे पाय एकेक करून सोडवले, नवीन चिप बसवली. विमानं नीट उडायला लागली. रोग सापडला, इलाज झाला, इथंच थांबायचं की नाही?

पण मास्तरांची रीत अशी की बोर्ड परत लावण्याआधी त्याच्या कडेचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे. ते दात मशीनमधल्या खाचेत बसतात आणि तिथूनच वीज आत जाते. कित्येक वर्षांचा काळा थर निघाला, दात लखलखले. मास्तरांनी बोर्ड मशीनमध्ये बसवला आणि बटण दाबलं.

पडदा एकदा पांढरा झाला आणि विझला. करपल्याचा वास आला.

मास्तरांनी सावकाश मीटर काढून मशीनची वीज मोजली. पाच व्होल्ट हवी होती, सहाच्याही वर निघाली. आता हे मला त्यांनीच सांगितलं, माझ्या बापाला यातलं काही कळत नाही. दात मळले की बोर्डाला वीज कमी पोचते आणि खेळ अडखळतो. तेव्हा दात घासायचे. पण कधीतरी दमलेल्या अंगानं, "आजच्यापुरतं" म्हणून, त्यांनी दात न घासता वीज वाढवायचा स्क्रूच थोडा पिळला होता. पुढच्या खेपेला आणखी थोडा. मळातून जाताजाता ती जास्तीची वीज बरोबर पाचावर यायची. आज मळ गेला आणि सगळी वीज थेट आत घुसली.

"बोर्ड लावायच्या आधी वीज मोजायची, हे मी अख्ख्या ओसाकाला ओरडून शिकवलं," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं मशीन असतं तर मोजलीच असती. हे माझ्या हातातलं म्हणून नाही मोजली."

"दुसरी चिप घाला ना."

"आत्ता जळली ती मोठी चिप कंपनीनं स्वतःपुरतीच बनवली होती. कंपनी बुडाली. आता कुणाचा तरी चालता बोर्ड मारायचा, तेव्हा मिळणार."

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. मी म्हटलं, "हे बघा, तोंडातून अक्षर काढायचं नाही. बोर्ड म्हातारा होता, गेला. कोण विचारतंय? तुम्ही खरं बोललात म्हणून तो काय जिवंत होणार आहे?" मास्तरांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी तेच हो धरलं आणि हिगाशीला फोन केला. बोर्ड गेला, वय झालं होतं हो त्याचं, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर हत्यारं न्यायला आले होते, तेवढ्यात हिगाशी आला. अंगात कोट, तोही ऑगस्टातल्या उकाड्यात! हातात कागदात नीट गुंडाळलेला मिठाईचा खोका. आमच्याकडे असा खोका घेऊन माणूस आला की समजायचं, माफी मागायला आलाय.

त्यानं खोका दोन्ही हातांनी मास्तरांपुढे धरला. "मास्तर, वय बिय काही नाही. मी मारला तो. त्या दिवशी शेवटच्या फेरीत हरलो आणि रागानं मशीनला दोन ठोसे घातले. नंतरच विमानं गेली. मला बोलायची लाज वाटली. तुम्ही दमून येता, आणि मी तुम्हाला माझं पाप निस्तरायला लावलं."

मी मास्तरांकडे बघितलं आणि मान हलवली, म्हणजे गप्प बसा!

"ठोशांनी काही झालं नव्हतं," मास्तर म्हणाले. "एक चिप तापली होती, ती मी बदलली. तुझा बोर्ड बरा झाला होता, हिगाशी. विमानं उडत होती, मावशीनं बघितली. मग मी मारला." आणि त्यांनी स्क्रूचं, मळाचं, न मोजलेल्या विजेचं सगळं सांगितलं, काही म्हणता काही वगळलं नाही.

हिगाशीनं खोका काउंटरवर ठेवला. आधी त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं आणि लगेच गेलं. "म्हणजे तो आज चालला असता?"

"चालला असता. अजून कितीतरी वर्षं."

"रात्रभर मी स्वतःला जोडे मारतोय!" हिगाशी ओरडला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "आणि तुम्ही दोघं इथं बसून म्हणता, वय झालं होतं? वय? मला सगळे तेच सांगतात! निदान तुम्ही तरी..."

मास्तर स्टुलावरून उतरले, फरशीवर गुडघे टेकले, दोन्ही हात पुढे ठेवून कपाळ जमिनीला लावलं. मीही वाकले, माझंही खोटं त्यात होतंच. मी सरळ झाले. मास्तर झाले नाहीत. मला वाटलं, अजून माफी मागतायत. हिगाशीलाही तसंच वाटलं असावं, तो तोंड फिरवून उभा राहिला. मग मास्तरांचा एक हात फरशीवर चाचपायला लागला, स्टुलाचा पाय शोधायला लागला. त्यांना उठताच येत नव्हतं.

मी पुढे होणार, तोच हिगाशी खाली बसला. मास्तरांच्या काखेत हात घालून त्यानं त्यांना उठवलं, स्टुलावर बसवलं, पँटचे गुडघे झटकले. हे सगळं करताना तो त्यांना शिव्या देत होता, एकदाही न थांबता.