वाचवण्याची चेष्टा

कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर ‘अभिरुचि’ नावाचा एक रकाना असतो. पहिल्या वर्षापासून मी तिथे ‘पढ़ना, घूमना, संगीत सुनना’ असं ठोकून देत आले आहे, आणि वर्गातली निम्मी मुलं माझ्याच वहीतून उतरवल्यासारखं तेच लिहितात. खरं बोलायचं तर ‘पलंगावर लोळत फोन बघणे’ असं लिहायला हवं. शेजारच्या मोघेकाकांना मी एकदा हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंजे, कोणी बघत नसतानाही आपण जे करतो, तो छंद. कोणी बघावं म्हणून करतो, त्याला दुसरं काही नाव असेल." मी जांभई दिली होती. मोठ्यांनी व्याख्या सांगायला घेतली की मला हमखास जांभई येते.

मोघेकाका म्हणजे मधुसूदन मोघे. वय बहात्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. दर्पण कॉलनीत त्यांचं घर आमच्या घराला लागून आहे, मधली भिंत एकच. उंच, किडकिडीत, घरातसुद्धा शर्ट पॅन्टीत खोचलेला. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठीत निम्मी हिंदी असते हे आम्हाला कोणी सांगितल्याशिवाय कळतही नाही, पण काका कामवालीशी भांडायचे तेही व्याकरण सांभाळून.

त्यांचा छंद संध्याकाळी सहाला सुरू व्हायचा. शरयूकाकू मिरजेच्या. लग्न होऊन इथे आल्या, पण हिंदी त्यांच्या अंगी लागली नाही ती नाहीच. भाजीवाल्याला "कैसा दिया?" विचारण्यापलीकडे त्यांची गाडी जात नसे. मराठी पेपर इथे येतो तो शिळा होऊन. मग काकांनी हिंदी पेपर हातात धरून तो मराठीतच मोठ्याने वाचायला सुरुवात केली. डोळ्यांसमोर हिंदी, तोंडात मराठी, मध्ये क्षणाची उसंत नाही. अडतीस वर्षं काकू वेताच्या खुर्चीत बसून, शेंगा सोलत नाहीतर वाती वळत, ते ऐकत होत्या. "मी मधुसूदन मोघे. ग्वाल्हेरचं वर्तमान ऐका," अशी सुरुवात. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. वाचन थांबलं नाही. खुर्ची होती तिथेच राहिली आणि सहाच्या ठोक्याला भिंतीतून आवाज यायचा. आई म्हणायची, "मोघे सुरू झाले, कुकर लावते."

याच्यामागे एक जुनी गोष्ट होती, ती काकांनी मला हसत हसत सांगितली होती. बाविसाव्या वर्षी ते बातम्या वाचणाऱ्याच्या जागेसाठी पुण्याला मुलाखत द्यायला गेले. टेबलामागे तिघेजण. स्वतःविषयी सांगा म्हणाले. काकांनी ताठ बसून सांगितलं, "माझी सगळी शिक्षा ग्वाल्हेरलाच झाली." त्यातल्या एकाने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "किती वर्षांची?" काका म्हणाले, "सोळा वर्षांची." तिघे इतके हसले की एकाचा चहा कागदांवर सांडला. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीत दंड, हे काकांना भुसावळ येईपर्यंत उमगलं नव्हतं.

"आणि मग?" मी विचारलं होतं.

"मग काय? भुसावळला केळी घेतली. खाल्ली नाहीत."

तेव्हापासून त्यांनी एक यादी ठेवली होती. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, टाकाच्या अक्षरात : ‘दगाबाज शब्द’. दोन्ही भाषांत सारखे दिसणारे आणि अर्थ वेगळा निघणारे. शिक्षा, राग, खाली, संसार, चेष्टा. पुढे आणखी चाळीसेक. वाचायला बसताना पान शेजारी असायचं. मी चिडवलं होतं, "काका, दगाबाज हा शब्दच मुळात बाहेरचा आहे."

"म्हणून तर दगाबाज," काका म्हणाले.

मी जनसंचारची विद्यार्थिनी. मला काहीतरी ‘बनवायचं’ होतं आणि दाखवायला आमच्याकडे ना डोंगर ना समुद्र, किल्ला तर सगळेच दाखवतात. म्हटलं, भिंतीपलीकडे आयता माणूस आहे. दर रविवारी मी काकांचं वाचन फोनवर टिपायला लागले. ‘ग्वाल्हेरचं वर्तमान’. पाण्याची वेळ बदलली, मंडळाचं हळदीकुंकू, कुणाच्या मुलाचं लग्न, कोण गेलं. दोनशे बारा जण बघायचे, त्यात पन्नासएक माझे नातेवाईक. काका मात्र शनिवारीच दाढी करून ठेवायचे. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा बसले तेव्हा खुर्चीकडे बघून म्हणाले, "झालं बरं का शेवटी." मला तेव्हा त्यांच्यासाठी फार बरं वाटलं होतं, हे खोटं नाही.

मग मार्चमध्ये शांताताई वारल्या. हरिशंकरपुरमच्या. मराठा घराणं, नवरा सैन्यात होता. काकूंची एकुलती एक मैत्रीण म्हणावी अशी. शेवटचे अठरा दिवस दवाखान्यात होत्या आणि त्यांचा मुलगा संग्रामसिंह त्यांच्या पलंगापासून हलला नव्हता. पेपरात शोकसंदेश आला, त्यात छापलं होतं, ‘पुत्र ने अंतिम क्षण तक बचाने की चेष्टा की.’ काका वाचत होते. शांताताईंचं नाव आलं तसा त्यांचा आवाज चिरला, चष्मा भरून आला. यादी शेजारीच होती. पण डोळ्यांत पाणी असलेला माणूस यादी कुठे बघणार! ते वाचून गेले, "चिरंजीव संग्रामसिंह यांनी अखेरच्या क्षणापर्यंत त्यांना वाचवण्याची चेष्टा केली."

समोर बसलेल्या मलाही ते खटकलं नाही. आम्ही इथे असंच बोलतो. घरी कापाकापी करताना दुसऱ्यांदा ऐकलं आणि मी फिस्सकन हसले. चेष्टा! मरणाऱ्या आईची चेष्टा! हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ते वाक्य मी मूळ व्हिडिओतून कापलं. तिथे थांबले असते तर मी आज हे लिहीत बसले नसते. कापलेला तुकडा चौदा सेकंदांचा होता. मी त्याच्या शेवटी हसण्याचा आवाज जोडला, तो फोनमध्ये तयारच मिळतो, आणि वर लिहिलं, ‘आमची ग्वाल्हेरची मराठी’. टाकून दिला. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले आहे. वाईट करायचं नसतं तेव्हा माणूस आधी विचारतो. मी विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी चाळीस हजार. तिसऱ्या दिवशी चार लाख. खाली लोक लिहीत होते : ‘असा मुलगा नको रे देवा’, ‘आजोबांची शाळा कुठली?’, ‘यांना पुण्याला पाठवा’. हे शेवटचं वाचून मला भुसावळची केळी आठवली. तरी मी तो तुकडा काढला नाही. आकडा वाढत होता आणि मी दर पाच मिनिटांनी तो बघत होते. फेब्रुवारीतच ‘माध्यम और नैतिकता’च्या पेपरात प्रश्न आला होता, एखाद्याच्या चुकीतून मनोरंजन करणं कितपत योग्य? मी चार पानं लिहिली होती. सरांनी ‘उत्तम’ असा शेरा दिला होता.

चौथ्या दिवशी सकाळी काका आमच्या दारात. अंगात बंद गळ्याचा कोट. पुण्याच्या पुतण्याने त्यांना तो व्हिडिओ पाठवला होता. फोनचा आवाज कसा वाढवायचा हे काकांना कधी जमलं नाही. त्यांनी आपला चेहरा पाहिला आणि खालचा आकडा पाहिला.

"चार लाख, मंजे!" ते म्हणाले. "चार लाख लोकांनी शांताताईंची बातमी ऐकली. चल, मला संग्रामकडे सोड. त्याला सांगायला हवं. आईचं नाव एवढ्या लोकांपर्यंत गेलं, पोराला तेवढंच बरं वाटेल."

मी स्कूटी काढली. आधी फाटकाशी सांगीन म्हटलं. मग सिग्नलला सांगीन म्हटलं. मागे काका माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवून बसले होते आणि गाडीच्या आवाजावर आवाज चढवून मला सांगत होते की आता पुढल्या रविवारपासून वाचन जरा सावकाश करायला हवं, एवढे लोक ऐकतात म्हटल्यावर. मी "हो काका" म्हणत राहिले. तीनदा म्हटलं. भित्री म्हणजे किती भित्री असावी माणसाने!

संग्रामदादाचं डोकं भादरलेलं होतं. त्याने काकांना बसवलं, पाणी दिलं. काकांनी आपली आनंदाची बातमी सांगितली. तो ऐकत राहिला आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं. चॅनलवर नाव माझंच होतं.

"काका," तो हळू बोलला, "मला तर त्यात काही गलत वाटलंच नव्हतं. आपण तर असंच बोलतो न. काल साताऱ्याहून मामांचा फोन आला, म्हणे, संग्राम, लोक तुझ्यावर हसून राहिलेत. तेव्हा समजलं."

"हसताहेत? कशावर?"

संग्रामदादाने नाही नाही म्हटलं, पण काका ऐकेनात. शेवटी त्याने आपल्या फोनवर तो तुकडा लावला, पूर्ण आवाजात. वाक्य आलं. मागोमाग हसणं आलं. काकांनी परत लावायला सांगितलं. दुसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

मग ते उठले आणि त्यांनी त्या निम्म्या वयाच्या मुलासमोर हात जोडले. "तिसऱ्या ओळीत आहे तो शब्द," ते म्हणाले. "माझ्या यादीत तिसऱ्या ओळीत आहे. मला ठाऊक होता, रे." संग्रामदादाने त्यांचे हात धरले आणि दोघेही रडायला लागले. मी दाराशी चपलांजवळ उभी होते.

परत येताना काकांनी माझ्या खांद्यावर बोटं टेकवली नाहीत, मागची कडी धरली. फाटकाशी उतरल्यावर एवढंच विचारलं, "शब्द माझा. हसण्याचा आवाज कोणी लावला?"

"मी."

"बरं," काका म्हणाले.

मी त्या दिवशी तो तुकडा काढून टाकला. काढून काय होतंय! तोवर त्याची पिल्लं सगळीकडे झाली होती, कोणी त्याला ढोलकी लावली होती, कोणी नाच. संध्याकाळी मी काकांकडे गेले आणि रडून माफी मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोसलं असतं. जाताना त्यांनी कॅलेंडरचं ते पान माझ्या हातात दिलं. "ठेव तुझ्याकडे. मला आता नाही लागणार." मला वाटलं, वाचन बंद करणार. दोन दिवस सहा वाजता भिंत गप्प होती आणि आई कुकर लावायला विसरली.

रविवारी, दाढी करून तयार बसलेले काका सापडतील अशा वेड्या आशेने मी दार वाजवलं. त्यांनी उघडलं. जन्मापासून ज्यांनी मला मंजे, मंजुडे, अगं ए अशा हाका मारल्या, ते बाजूला होऊन अदबीने म्हणाले, "आइए, बैठिए."

मी मराठीतच बोलत राहिले. म्हटलं, काका, पुन्हा वाचा, फोन आणणार नाही, कोणाला दाखवणार नाही, फक्त वाचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्यासाठी चहा केला, बिस्किटं बशीत मांडली.

"कोशिश करूँगा, बेटा," ते म्हणाले.

त्याला आता पाच महिने झाले. बाकी सगळं तसंच आहे. ते माझ्या परीक्षेची चौकशी करतात, आईला कढीपत्ता देतात, सगळं हिंदीत, आणि हिंदी त्यांची फार सुंदर आहे, एकही चूक नाही. कॉलनीतल्या लोकांना त्यात काही वेगळं वाटत नाही. इथे काय, सगळेच हिंदीत बोलतात. मी मात्र हे मराठीत लिहायला बसले आहे, यादी शेजारी ठेवून, आणि प्रत्येक ओळीला अडखळते आहे. चुकलं असेल तर हसा. मला चालेल.

वाचनही त्याच रविवारी संध्याकाळी पुन्हा सुरू झालं होतं. रोज सहाला भिंतीतून आवाज येतो. पेपरात जे छापलंय ते, शब्दाला शब्द, हिंदीत. समोर ती वेताची खुर्ची असते. शरयूकाकूंना त्यातलं काही कळायचं नाही.