राणीच्या वतीने

सर्व रसिक बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ब्रिटनच्या राणीच्या वतीने एका कलावंताला किताब देऊ करणारा मराठी माणूस आजवर एकच होऊन गेला, आणि तो सध्या आखातातल्या करामा नावाच्या वस्तीत दुसऱ्या मजल्यावर एसीचं पाणी बादलीत ठिबकताना ऐकत बसला आहे. कृपया टाळ्या वाजवू नयेत.

बघा — सवय जात नाही. इथल्या मंडळाच्या स्टेजवर इतकी वर्षं माइक धरलाय की साधं 'मीठ दे' म्हणायचं तरी मी आधी घसा साफ करतो. गणपती असो, कोजागिरी असो, निवेदन माझंच. किस्से तर विचारू नका. काही इतक्यांदा सांगून झालेत की लोक माझ्याआधी हसतात. हा एक मात्र कुणालाच सांगितलेला नाही. एकदाही नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून.

तर — दत्ताराम.

दत्ताराम कुडाळकडचा. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर. नव्वदच्या दशकात आम्ही दोघं याच खोलीत राहायचो. बॅचलर म्हणून. म्हणजे मी अस्सल बॅचलर, तो इथल्या भाषेतला — बायको गावाला असली की इथे माणूस बॅचलर होतो. दिवसभर तो पाइप, व्हॉल्व्ह आणि सिमेंटच्या गोण्या मोजायचा, आणि शुक्रवारी कपाटावरून एक सुटकेस खाली काढायचा. सुटकेसमध्ये पांडोबा. लाकडी जबड्याचा, चकण्या डोळ्यांचा बोलका बाहुला.

दत्ताराम शब्दभ्रमकार होता. आणि कसला! ओठ हलायचे नाहीत, गळ्याची शीर हलायची नाही. मंडळात पांडोबा मालवणीतून अध्यक्षांची अब्रू काढायचा आणि अध्यक्ष सर्वांत जास्त हसायचे. जुमेऱ्याच्या बंगल्यांतल्या ब्रिटिश मडमांनी ते कुठून तरी ऐकलं, आणि मग त्यांच्या मुलांच्या वाढदिवसाला दत्ताराम जायला लागला. तिथे पांडोबाचा 'मिस्टर पँडी' झाला. इंग्लिश दत्तारामाचं जेमतेम. मिस्टर पँडीचं मात्र बरं होतं — हे कसं, ते मला आजवर कळलेलं नाही. दर नाताळात तो हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डात जायचा. फुकट. चहासुद्धा घ्यायचा नाही. म्हणायचा, "चहा घेतलंय तर धंदो झालो."

आणि मी? मी एका ब्रिटिश मॅनेजरचा सेक्रेटरी. साहेब नाकातून बोलायचे आणि वाक्य संपायच्या आतच दमायचे. त्यांची नक्कल हा माझा हातखंडा. एकदा फोनवर खुद्द त्यांची बायको फसली होती.

आता तुमच्या लक्षात येत असेल. थांबा. माझ्या लक्षात यायला वेळ लागला, तुम्हालाही लागू दे.

त्या वर्षी राणीने कुणा मोठ्या गायकाला 'सर' केलं. पेपरात फोटो आला होता. दत्ताराम चहाचा कप हातात धरून किती तरी वेळ तो फोटो बघत बसला.

"गाणाऱ्यांका पण देतत?"

"गाणाऱ्यांना देतात, नटांना देतात. लोकांना हसवणाऱ्यांना पण देतात."

"आणि आमच्यासारख्यांका?"

"पांडोबाला देतील," मी म्हटलं, "तुला कशाला?"

आम्ही हसलो. तो थोडा कमी हसला. मला ते दिसलं. दिसलं नसतं तर बरं, असं आता म्हणून काय उपयोग?

त्याच सुमारास आमच्या साहेबांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या बाईंना राणीचा छोटासा किताब मिळाला. इथल्या क्लबात त्या हौशी लोकांची नाटकं बसवायच्या. साहेब चहा पिता पिता कौतुकाने सांगत होते — हे लोक आधी गुपचूप विचारतात, स्वीकाराल का म्हणून. मग जूनमध्ये, राणीच्या वाढदिवसाला, नावं जाहीर होतात. तोवर एक अक्षर बाहेर काढायचं नाही. बाईंनी म्हणे सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

मी टेबलाशी उभा होतो, आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. स्टेजवर जाण्याआधी वाजते ती. आनंदाची.

मार्च असेल. साहेब मीटिंगला गेले होते. मी त्यांच्या खुर्चीत बसलो — आवाज नीट लागावा म्हणून — आणि दत्तारामाच्या स्टोअरला फोन लावला. नाकातून बोललो. दमत दमत बोललो, ब्रिटिश वकिलातीतून म्हणून. या देशातल्या मुलांना आपण जो आनंद दिलात, त्याबद्दल हर मॅजेस्टी आपला सन्मान करू इच्छितात, आपली संमती आहे का? पलीकडे फोर्कलिफ्टचा आवाज येत होता. मग तोही बंद झाला. त्याने कुणाला तरी हात केला असावा.

"येस सर," दत्ताराम म्हणाला. मग पुन्हा, "येस सर."

मी गुपिताची अट सांगितली. कुठे बोललात तर नाव मागे घेतलं जाईल — हे साहेबांनी कधीच म्हटलं नव्हतं, ती फोडणी माझी. त्याने घाबरत विचारलं, "माय वाइफ, सर?"

आणि मी — तोंडात मूठ कोंबून हसू दाबत — म्हटलं, "स्पेशली युवर वाइफ."

काय टायमिंग होतं! आज लिहितानाही माझ्यातला कुणीतरी नालायक त्या वाक्यावर खूश होतोय.

संध्याकाळी फोडायचं असं ठरलं होतं. तो येईल, उड्या मारत सांगेल, मी साहेबांच्या आवाजात 'काँग्रॅच्युलेशन्स' म्हणेन, तो मला चार शिव्या घालेल, खलास. पण दत्ताराम आला तो हातात मिठाईचा डबा घेऊन.

"काय रे, कशाबद्दल?"

"असाच," तो म्हणाला.

असाच! मला, ज्याला तो साध्या पोटदुखीचीही बातमी द्यायचा. त्याने अट पाळली होती. पुढे काय बोलणार? मला ठाऊकच नाही असं मी दाखवायला हवं होतं. वाटलं, उद्या सांगू. मग वाटलं, शुक्रवारी. शुक्रवारी तो करामातल्या शिंप्याकडे सुटाचं माप देऊन आला आणि म्हणाला, "एक असूचो माणसाकडे." थट्टा उघडायची एक वेळ असते का हो? असते. ती केव्हा गेली, ते मला नक्की सांगता येणार नाही. पण तोवर मला मजा येत होती, हे लिहून टाकतो. त्याला आतून फुगलेला बघायची मजा. आणि आणखी एक — पांडोबा स्टेजवर आला की निवेदकाकडे कुणी बघत नसे. हेही लिहून टाकतो.

ती मजा टिकली नाही. एका खोलीत दोन माणसं, दोघांच्या पोटात एकच गुपित, आणि दोघंही ते एकमेकांपासून लपवतायत — अशी खोली तुम्ही कधी पाहिलीय? तो माझ्याकडे बघायचा, काहीतरी ओठांवर यायचं, आणि मग तो इस्त्री करायला लागायचा. आधी इस्त्री केलेल्या शर्टांना. पूर्वी आम्ही जेवताना वाद घालायचो, आता पंख्याचा आवाज ऐकू यायचा. मला माझ्याच मित्राची आठवण यायला लागली. तो समोर बसलेला असताना.

जून आला. राणीचा वाढदिवस झाला. दत्तारामाने सकाळी खालच्या ग्रोसरीतून मिळतील ते सगळे पेपर आणले, आणि बाथरूममध्ये नेऊन वाचले. बाहेर आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. सूट त्याच्या प्लास्टिकसकट खिळ्याला लटकत होता.

काही दिवसांनी तो म्हणाला, चल, खाडीवर जाऊ. घामाने शर्ट अंगाला चिकटेल अशी ती संध्याकाळ. अब्रे — इथल्या लाकडी होड्या — माणसं भरून या काठावरून त्या काठावर चालले होते. आम्ही बाकावर बसलो, आणि त्याने सांगितलं.

"माका राणीचो किताब मिळतलो होतो रे."

मी चकित झालो. उत्तम चकित झालो — अभिनयात मी कधी कमी पडलो नाही.

त्याने सगळं सांगितलं. फोन, गुपित, अट. आणि मग जे मला माहीत नव्हतं, ते. एप्रिलमध्ये एका शुक्रवारी त्याला राहवलं नाही, त्याने गावी फोनवर बायकोला सांगितलं. सुमनवहिनीलाही राहवलं नाही, तिने भावाला सांगितलं. भाऊ शाळामास्तर. त्याने महाराष्ट्रदिनी, झेंडावंदन झाल्यावर, सगळ्या शाळेपुढे जाहीर केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. गावच्या पाटीवर खडूने नाव लागलं.

"तिना तोंड उघडल्यान," दत्ताराम म्हणाला, "आणि ता गेला." तो रागाने बोलत नव्हता. राग असता तर मी कदाचित... नाही. कदाचित वगैरे काही नाही.

मग तो माझ्याकडे वळला. "तुका काय वाटता? तुझो सायब तर त्यांच्यातलोच. असा करतत ते? एवढ्याक?"

त्याने मला सरळ विचारलं. जाणकार म्हणून विचारलं. अब्रा धक्क्याला लागला होता, माणसं उतरत होती, आणि माझ्याकडे वेळ होता. भरपूर वेळ होता. 'अरे गाढवा, तो मी होतो' एवढंच म्हणायचं होतं. त्याने मला मारलं असतं. महिनाभर बोलला नसता. पण वहिनी सुटली असती.

मी म्हटलं, "असेल. हे लोक असल्या बाबतीत फार कडक असतात."

झालं. हे ते. फोनचं मी एखाद वेळी हसण्यावारी नेलं असतं. या वाक्याचं काय करू? कुणी ते माझ्या तोंडी घातलं नव्हतं. कुणाची नक्कल नव्हती. माझ्या स्वतःच्या आवाजात, माझ्या मराठीत, माझ्या मित्राला मी खात्री दिली की त्याच्या बायकोने त्याचा मान घालवला.

त्यानंतर दत्ताराम शुक्रवारी फोनच्या रांगेत उभा राहायचा तो लेकीशी बोलायला. "आईक दी" असं तो पुन्हा म्हणालेला मी ऐकलं नाही. पैसे वेळच्या वेळी जात होते. गावी गेला तो थेट लेकीच्या लग्नाला. पांडोबाची सुटकेस कपाटावर गेली, ती खाली आली नाही. मडमांचे फोन आले की तो "सॉरी मॅडम, नॉट अव्हेलेबल" म्हणायचा. नाताळात हॉस्पिटलमधून एका नर्सचा फोन आला, मुलं विचारतायत म्हणून. तो फोन मी घेतला. दत्ताराम समोर खाटेवर बसला होता, मान हलवत होता. मी म्हटलं, तो बाहेर गेलाय.

पुढे त्याचा जावई शारजाला नोकरीला लागला, लेक आली, आणि दत्ताराम त्यांच्याकडे राहायला गेला. या खोलीत मग दुसरे आले, तेही गेले. मी त्यांना किस्से सांगतो. ते हसतात, मग आपापल्या मोबाइलवर गावी बोलायला गॅलरीत जातात. मी भांडी घासतो. कुणाला फोन करावा, असा प्रश्न मला पडत नाही. ज्याला करावा, तो शारजात आहे, आणि त्याला काय सांगणार?

गेल्या हिवाळ्यात त्याचाच फोन आला. सुमनवहिनी व्हिजिट व्हिसावर आली होती. शुक्रवारी जेवायला ये, म्हणाला. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. लहान चणीची बाई. बोलताना पदराचं टोक तोंडावर धरायची — ती सवय जुनी, की त्या वर्षानंतरची, हे विचारायचं धाडस माझ्यात कुठलं? सगळ्यांना तिने अगत्याने वाढलं. दत्तारामाच्या ताटात भात घालताना विचारलं, "पुरे?" त्याने ताटावर हात धरला. दुपारभरात ते दोघं तेवढंच बोलले.

नातीला काय सुचलं कोण जाणे. आईने बाहुल्याबद्दल सांगितलं असावं. ती म्हणाली, "आजोबा, डू द डॉल व्हॉइस! प्लीज!"

"नाय गो," दत्ताराम म्हणाला. "ता खलास झाला."

आणि वहिनी हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. पदर बाजूला झाला. माझ्याकडे बघत म्हणाली, "भावजी, तुमका म्हायत आसतलाच. राणीचो मान ह्यांका गावतलो होतो. माझ्याच्यान तोंड बंद रवला नाय, म्हणान तो गेलो. हे माका कधी काय बोलूक नाय. बोलले असते तर बरा झाला असता."

लेक म्हणाली, "आई, पुरे ना." जावयाने मान खाली घातली. दत्ताराम ताटाकडे बघत होता. आणि मग सगळे हळूहळू माझ्याकडे बघायला लागले. साहजिक आहे — अशा वेळी शब्द कुणाकडे असतात? निवेदकाकडे.

वाक्य तयार होतं. 'वहिनी, तो फोन मी केला होता.' मी घसा साफ केला. तोंड उघडलं. आवाजही लागला, चांगला खणखणीत, मागच्या रांगेपर्यंत जाईल असा —

"वहिनी, कढी एक नंबर झालीय हं! अजून जरा वाढा."