तुऱ्हाट्यांची मोळी

तुमच्या गावच्या अंगणवाडीत लेकरं खेळताना दिसली, की तुमच्या पोटात का दुखतं?

भागवतच्या दुखलं होतं. केज तालुक्यातल्या आमच्या गावचा हा ऊसतोड मजूर. दसरा झाला, टोळीचा ट्रक चार दिवसांवर आला, आणि हा पाच वर्षांच्या शिवकन्याचं नाव काढायला अंगणवाडीत आला. फडावर गेली की पोरगी कोपीत, म्हणजे मजुरांच्या पाचटाच्या झोपडीत, बसून तान्ह्या भावाला सांभाळणार, एवढंच त्याच्या डोक्यात. आजी सुभद्राबाई तिला गावात ठेवून घ्यायला तयार होती. पण भागवतचं एकच, "हितं नुसतं खेळतीय. मग तिकडं खेळंल."

अंगणवाडीची सेविका आम्रपाली. या कामाला बारा वर्षं झाली तिला. तिच्याकडं छडी नाही, 'म्हणा माझ्या मागं' नाही. लेकरं घरून जो खेळ घेऊन येतात, तोच ती पुढं नेते. एकदा तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या, "आवाज फार होतो हो तुमच्याकडे." ही म्हणाली, "लेकरं हायत म्याडम, पोती न्हाईत."

त्या दिवशी लेकरांनी ऊसतोडीचा फड मांडला होता. तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्या म्हणजे ऊस. कुणी तोडायचा, कुणी मोळी बांधायची. ते बघून भागवतचं टाळकंच फिरलं.

"ओ ताई! आमचा जल्म गेला कोयत्यात, अन् तुमी लेकरांच्या हातात बी कोयताच देता?"

मी माझं लेकरू सोडायला आलो होतो, दारातच होतो. बाह्या सारल्या. आम्रपालीनं मला हातानंच खाली बसवलं.

"म्या न्हाई दिला, भाऊ. बघतात तेच खेळतात. टेका की जरा."

तो टेकला, पण रागातच.

शिवकन्या मुकादम झाली होती, टोळीच्या मोळ्यांचा हिशेब ठेवणारी. कमरेवर हात. पवन नावाच्या पोरानं मोळी आणून टाकली. हिनं एकेक काडी बाजूला ठेवत मोजली.

"नऊच हायत बे. धाची असती मोळी. सोड, पुन्ना बांध."

"एकानं काय हुतंय?"

"मला येडी समजला का?"

भागवत फसकन हसला. "हे कवा शिकली ही?"

"महिनाभर पाचाच्याच बांधायची," आम्रपाली म्हणाली. "परवापसून धाच्या बांधती. राहिली तर मोळ्या बी मोजंल."

 भागवत हळूच म्हणाला, "मला कुटं मोजता येतंय? मुकादम सांगंल तेवढ्याच माझ्या मोळ्या." नाव काढायचा विषय त्यानं काढलाच नाही. उठताना एवढंच बोलला, "बारक्याला नेतो. ही म्हातारीपशी ऱ्हाऊ द्या."

ट्रक निघाला तेव्हा शिवकन्या रडत मागं पळाली. तेही लिहितो, खोटं कशाला? दोन दिवस ती अंगणवाडीत आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आजीच्या आधी येऊन दारात उभी.

आता तुमच्या गावातनं टोळी निघायच्या आधी एका बापाला हाताला धरून अंगणवाडीत आणा. भाषण ठोकू नका. त्याला खाली बसवा, आणि त्याचं लेकरू खेळताना अर्धा तास बघू द्या.