मामांची टोपी, दुसऱ्यांदा

वहिनींनी मला ठेवून घेतलं. हे आधी लिहितो, बाकीचं नंतर. राहुरीत मी ज्या स्टुडिओत काम करतो, त्याच्या मालकांच्या या बायको. नाव छापलेलं त्यांना चालणार नाही, म्हणून वहिनी एवढंच. स्टुडिओ दादांचा, पण कॉम्प्युटर वहिनींचा. दादा लग्नं शूट करून आणतात, वहिनी ती जोडतात. मला जे काही येतं ते त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून आलं.

मी गोंदियाकडचा. नववीत शाळा सुटली. गावच्या माणसांबरोबर रस्त्याच्या कामावर इकडं आलो. काम संपलं, माणसं परत गेली, मी राहिलो. मोबाईलवर व्हिडिओ जोडायचा नाद होता. रस्त्यावरचा रोलर, चहाची टपरी, मुळा धरणाचं पाणी, दिसेल ते घ्यायचं, फुकटच्या ॲपमध्ये एकाला एक चिकटवायचं आणि खाली गाणं सोडायचं. दादांना तेच दाखवलं. 'का'ला मी 'काऊन' म्हणतो, त्यावर ते आधी पोटभर हसले आणि मग म्हणाले, "बस उद्यापासून. काऊन विचारू नको."

मोबाईलमध्ये सगळं स्क्रीनवरच्या एकाच पट्टीवर असायचं. इथं पट्टीवर पट्टी. दोन कॅमेरे, त्यांच्यावर ड्रोन, खाली माईकचा आवाज. दोन कॅमेऱ्यांचा आवाज जुळवायला वहिनी ताशाचा एखादा कडक ठोका शोधायच्या. तो पट्टीवर काट्यासारखा उभा दिसतो. काट्यावर काटा आला की लग्न जागेवर बसतं. मला सुरुवातीला फक्त भीती वाटायची. काहीतरी दाबलं जाईल आणि कुणाचं तरी लग्न उडून जाईल, असं. दर दोन तुकडे जोडले की सेव्ह करायचो. अजूनही करतो.

कोल्हारजवळच्या एका वस्तीवरचं लग्न मला पहिल्यांदा एकट्याला जोडायला मिळालं. वहिनी माहेरी गेल्या होत्या. दादा म्हणाले, "तीन तास कोण बघतंय आता? दीड तासात बसव."

त्या लग्नात मंगलाष्टकांच्या आधी सत्कार होते. एक माणूस माईकवरून नाव पुकारतो, पाहुणा पुढं येतो, मुलीचा बाप त्याच्या डोक्यावर टोपी ठेवतो, खांद्यावर टॉवेल टाकतो, दोघं कॅमेऱ्याकडं बघतात, पुढचं नाव. इकडं हे चालूच राहतं. आमच्याकडं मी असं कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आहे. सुरुवातीचे दोन-तीन सत्कार ठेवले, बाकीचे काढले आणि त्या जागी ड्रोनवरून मांडव दाखवला. मला ते आवडलं होतं. पेनड्राइव्ह गेला. पुढच्या लग्नाला जागा हवी म्हणून दादांनी सांगितल्याप्रमाणे मूळचं शूटिंगही मी पुसलं.

वहिनी माहेरहून परतल्या, मग फोन आला, मुलीच्या वडिलांचा. दादांनी स्पीकरवर घेतला.

"आमच्या मेव्हण्याचा सत्कार कुठंय?"

"मामा आहेत की," दादा म्हणाले. "मंगलाष्टकात, मुलीच्या मागं उभे."

"मागं उभा हाय ते आमाला बी दिसतंय. मान कुठंय? पाहुण्यांनी भरल्या घरात टीव्ही लावला अन् मामाच न्हाई त्यात! आता ते म्हनत्यात, मी लग्नाला आल्तो का न्हाई ते तुमीच सांगा. उठून गेले जेवत्या ताटावरनं. बहिनीला बोलत न्हाईत."

फोन ठेवल्यावर दादा माझ्याकडं बघून नाही, वहिनींकडं बघून म्हणाले, "याला गाडीत बसवून दे गोंदियाच्या."

मी खुर्चीवरच होतो. हात कीबोर्डवर होते ते तिथंच राहिले. गावी आता मोठ्या भावाचा संसार आहे, मी झोपायचो ती जागा कधीच भरून गेलीय, हे मला ठाऊक होतं. तरी काही वाटत नव्हतं.

वहिनी म्हणाल्या, "पुसलंय ना? मग परत घेऊ."

"लग्न परत घेते?" दादा म्हणाले.

"टोपी परत घेते."

त्यांनी मुलीच्या वडिलांना फोन लावला. "मामांना घेऊन या. तोच शर्ट घालायला लावा."

मांडववाल्याकडून आम्ही त्याच रंगाच्या कापडाचा एक तुकडा आणला आणि वस्तीवर ट्रॅक्टरच्या शेडला टांगला. दुपारची वेळ होती. माईकवर पुकारणारा माणूस आला होता, माईक नव्हता म्हणून मोबाईल तोंडाशी धरून उभा. आजूबाजूच्या बाया जमल्या. एक म्हातारी म्हणाली, "काय गं, मामाचं दुसरं लगीन का काय?"

"गप ए मावशे," मामा म्हणाले. ते तोच निळा शर्ट घालून आले होते, पण शेडच्या बाहेरच उभे. बहिणीकडं बघत नव्हते. "नाटक करायला बोलावलं व्हय मला?"

"नाटक नाही मामा," वहिनी म्हणाल्या. "राहिलेलं काम आहे. कापलं आम्ही, म्हणून आलो."

त्यांनी 'आम्ही' म्हटलं. मी मान खाली घातली.

कॅमेरा माझ्या गळ्यात होता. मामा आत आले, पुकारणाऱ्यानं नाव घेतलं, आणि माझ्या चौकटीत मामांऐवजी शेडचा पत्राच येत होता. वहिनींनी माझ्या गळ्यातला पट्टा काढून स्वतःच्या गळ्यात घातला. मुलीच्या वडिलांच्या खांद्यामागं गेल्या, गुडघ्यावर बसल्या.

"मामा, हसू नका. त्या दिवशी तुम्ही हसला नव्हता."

"तुमाला काय म्हाईत? तुमी तर कापलं!"

सगळे हसले. मामाही हसले. मग पुन्हा नाव पुकारलं, आणि या वेळी मामांनी टोपीसाठी मान लववली. बहीण बाजूला उभी होती. टोपी बसली तरी त्यांनी मान लगेच वर केली नाही. वहिनी तशाच बसून राहिल्या, कॅमेरा बंद केला नाही. मी असतो तर बंद केला असता.

मामा जेवून गेले.

बाकीचं काम मी स्टुडिओत केलं. रंग मांडवातल्या उजेडाला जुळवला. जोडलेल्या फिल्ममध्ये जे दोन-तीन सत्कार राहिले होते, त्यांतला गर्दीचा आवाज खाली पसरला. माझ्या हातून झालेला पहिला सिनेमा म्हणायचा तर हाच, आणि त्यातलं चांगलं चित्र माझं नाही. पाहुण्यांनी पुन्हा टीव्ही लावून बघितलं, कुणाला काही कळलं नाही. मुलीचे वडील सांगत होते, आता मामा स्वतःच लोकांना दाखवतात, हा बघा मी लग्नात. दादा गोंदियाच्या गाडीचं पुन्हा बोलले नाहीत. मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही, मी पुढचं लग्न उघडलं.

एक सांगायचं राहिलं. परत येताना मोटरसायकलवर वहिनी मागं बसल्या होत्या आणि कॅमेरा गळ्यातून काढायला तयार नव्हत्या. प्रवरेच्या पुलावर मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही लग्नं का नाही शूट करत?" तेव्हा मी 'काऊन' म्हणालो नाही, ते माझ्या लक्षात आहे.

"मला कोण बोलावणार? नवरीच्या खोलीत मेंदी घ्यायला बोलावतात, तेवढंच. मांडवात उभं राहून अख्खं लग्न घ्यायचंय मला एकदा."

त्यानंतर त्यांनी कॅमेरा हातात घेतलेला मी पाहिलेला नाही. त्या पट्ट्या जुळवतात, मी त्यांच्या शेजारी बसतो. पण माझा स्वतःचा कॅमेरा होईल त्या दिवशी त्यावरचं पहिलं लग्न वहिनी घेतील, मांडवात मधोमध उभ्या राहून. मी त्यांच्यासाठी दिवे धरेन, वायरी उचलेन आणि नंतर बसून त्यांनी घेतलेलं सगळं त्यांना विचारून जोडेन. कधी ते माहीत नाही. पण वहिनी, हे मी करणार आहे.