करिया-केंची जेवली ती दुपार

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. मेंढरांमागं रानात वाढलेल्या पोराला अंधाराचं भय राहत नाही. शाळा तिसरीतच सुटली, तेव्हा वाचकांनी चुका सांभाळून घ्याव्यात.

मी अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीचा. सोलापुरात गिरणीतल्या एका हेडक्लार्कसाहेबांच्या घरी राखणीला होतो. कापसाच्या धुळीनं साहेबांची छाती धरली. डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली, म्हणून त्यांनी रत्नागिरीपलीकडं सुरूच्या बनात घर घेतलं. मलाही बरोबर नेलं — हे उपकार मी विसरणार नाही. घराला शेजार नव्हता. साहेब म्हणाले, "तुझ्या वडिलांकडची दोन कुत्री आण."

आप्पा, म्हणजे माझे वडील, तेव्हा आजारी होते. तरी करिया आणि केंचीच्या गळ्यात त्यांनीच दोऱ्या बांधल्या. म्हणाले, "मी हाक मारल्याबिगर खात न्हाईत ती. आता तू मार. शिकतील की हळूहळू."

आप्पांची रीत ठरलेली. उंबऱ्यावर बसायचं, दगडी डोणीवर काठी वाजवायची आणि कानडीत म्हणायचं, "बर्रो, बर्रो." म्हणजे, या रे. मगच कुत्री डोणीतल्या दूध-भाकरीला तोंड लावत.

नव्या घरी मी तसंच केलं. पायरीवर बसलो, भांड्यावर काठी वाजवली, हाक मारली. कुत्री माझ्याकडं बघत आणि मान फाटकाकडं वळवत. मासळी-भात नको असेल म्हणून बाईसाहेबांनी सोलापूरहून आणलेल्या ज्वारीची भाकरी दिली... तीही वाळून गेली. पाणी तेवढं पीत. बरगड्या दिसायला लागल्या.

"हवा मानवत नाही रे त्यांना," बाईसाहेब म्हणाल्या.

"ती जेवंपर्यंत मीबी जेवत न्हाई आता."

"म्हणजे तिघांना खांदा मी द्यायचा?" साहेब खोकत हसले. मग म्हणाले, "घाबरू नकोस. त्यांना घेऊन गावी जाऊन ये."

पण केंचीला उभंही राहवत नव्हतं. तिला घाट कसा चढवू? आणि मेलेली कुत्री आप्पांना कोणत्या तोंडानं सांगू?

वटपौर्णिमा होती. भर दुपारी बाईसाहेब वड पुजून नुकत्याच आल्या होत्या, मी विहिरीवर होतो. केंची उठली. मागोमाग करिया. शेपट्या हलवत दोघं पायरीशी गेली. पायरीवर कुणी नव्हतं. बसलेल्या माणसाच्या तोंडाकडं बघावं तशी ती कान पाडून वर बघत राहिली. केंचीनं मान खाली घातली — डोक्यावर हात ठेवला की घालते, तशी. मग दोघांनी सकाळची वाळकी भाकरी खाल्ली आणि भांडं चाटून पुसलं. बाईसाहेबांनीही हे पाहिलं.

माझा आनंद मावेना. बाईसाहेबांकडून गूळ मागून घेतला आणि वाटेनं जाणाऱ्या कोळणींच्या हातावर ठेवत सुटलो.

पुढच्या आठवड्यात चुलतभाऊ सिद्राम आला. दारातच उभा राहिला.

"आप्पा गेले," म्हणाला. "कारहुणवीला. दुपारचं."

कारहुणवी हा आमच्याकडचा बैलांचा सण. तो वटपौर्णिमेलाच येतो.

"सकाळधरनं पाणी घेईनात," सिद्राम सांगत होता. "आधी कुत्र्यांना घाला म्हणायचे. काकू म्हणली, कुत्री हितं कुटं हायती? ऐकंनात. मग उंबऱ्याशी बसवलं, डोणीत दूध-भाकरी ठिवली. त्येनी काठी वाजवली, हाक मारली. जरा येळानं म्हणले, खाल्लं लेकरांनी. मग पाणी प्याले... तेवढंच."

"आन् डोणीतली भाकरी?"

"तशीच व्हती. सांजंला शेळीला घातली."

साहेब म्हणतात, भूक अनावर झाली म्हणून खाल्लं. असेलही. त्यांच्याहून मला जास्त कळतं असं नाही. पण मग ती वर कुणाकडं बघत होती?

आता कुत्री माझ्या हाकेला येतात, पोटभर खातात. त्या पायरीवर मात्र मी बसत नाही. उत्तर अजून मिळालेलं नाही. राहून राहून एवढंच आठवतं — आप्पा गेले त्या दुपारी मी गूळ वाटत होतो.