कॉलरमधला माइक

चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारे काचवाले नावाचे गृहस्थ ब्लूज या अमेरिकन संगीतातल्या गिटारच्या पायी पुरते वेडे झाले होते. मैफलीत चोरून रेकॉर्डिंग करायचं, ती टेप दुसऱ्या वेड्याला पाठवायची आणि बदल्यात त्याच्याकडची मागवायची, हा त्यांचा तीस वर्षांचा उद्योग. असे वेडे गावोगावी होते. एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसे, पण काचवाल्यांची टेप म्हटली की सगळे कान टवकारत, कारण ती स्वच्छ असे. ना खोकला, ना खुर्चीची कुरकुर, ना कुणाची बडबड.

या स्वच्छतेचं निम्मं श्रेय बायकोचं. दारावर पुरुषांचे खिसे तपासत, बायकांना सोडत. म्हणून माइक तिच्या कोटाच्या कॉलरमध्ये आणि यंत्र तिच्या पर्समध्ये. आत बसलं की तिने टाळी वाजवायची नाही, खोकायचं नाही, बोलायचं तर नावच नको. तिला गिटारमधलं ओ की ठो कळत नव्हतं. नवऱ्याबरोबर बाहेर जायला मिळतं, एवढ्यावर बिचारी खूश होती आणि दोन-दोन तास तोंडाला कुलूप लावून बसत होती. काचवाल्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. छांदिष्ट माणसांना ते वाटत नसतंच.

तरी एखादा आवाज आलाच, तर घरी दुसऱ्या टेपवर उतरवताना ते तेवढा भाग गाळत आणि मूळ टेप पुसून पुढच्या मैफलीला वापरत. एकदा मात्र चुकून मूळ टेपच एका निवृत्त एसटी कंडक्टरकडे गेली. परत मागितली, तर त्याने कळवलं, 'हीच खरी. माणसांचे आवाज कापल्यावर मैफल कसली उरते? ही मी देणार नाही.' काचवाल्यांनी त्या दिवसापासून त्याचं नाव टाकलं.

पुढच्याच वर्षी बायको गेली. दम लागत होता, तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. वर्षभराने लेक आली आणि म्हणाली, "बाबा, आईचा आवाज कुठे असेल का हो? मला आता तो नीट आठवत नाही."

काचवाले हसलेच. घरात सहाशे टेपा, त्यातल्या निम्म्या तिच्या गळ्यापाशी रेकॉर्ड झालेल्या. बापलेकींनी महिनाभर त्यांतल्या गाण्यांमधल्या जागा तेवढ्या ऐकल्या. तिचा एक शब्द सापडला नाही. काचवाल्यांचं काम चोख होतं.

शेवटी नाक मुठीत धरून त्यांनी कंडक्टरला पत्र टाकलं. टेप लगेच आली. सोबत चिठ्ठी होती, 'बदल्यात काही नको. आधी एकट्याने ऐका.' पण लेक शेजारीच बसली होती. तिला काय सांगणार? त्यांनी टेप लावली.

अर्ध्याहून जास्त मैफल नुसती गिटार. मग दोन गाण्यांच्या मध्ये ती बोलली, अगदी कानाशी. लेकीने बापाचा हात घट्ट धरला.

"अहो, श्वास पुरत नाहीये. परवासारखंच होतंय. जरा बाहेर जाऊ या?"

"श्श. माइक आहे ना. एवढं होऊ दे."

"बरं."

टेपवर पुढची चाळीस मिनिटं बायकोने हूं की चूं केलं नाही. लेकीने हात कधी सोडला, ते काचवाल्यांना कळलं नाही.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, आधी कधीच त्रास नव्हता," ती म्हणाली.

"मला आठवत नव्हतं गं."

ते खरंच बोलत होते, आणि तेच भयंकर होतं. बायकोचं हे बोलणं त्यांनी मैफलीत ऐकलं होतं. नंतर घरी तीनदा मागेपुढे करून ऐकलं होतं, नेमकं कुठून गाळायचं ते ठरवायला. आणि मग विसरले होते.

लेकीने टेप काढून आपल्या पर्समध्ये ठेवली. "ही माझ्याकडे राहू दे," एवढंच बोलून ती चपला घालायला गेली.

आयुष्यभर अनोळखी लोकांकडे टेपा मागत आलेल्या काचवाल्यांना पोटच्या पोरीकडे एक प्रत मागायचा धीर झाला नाही.