बैलानं खाल्लेली बालवाडी

त्र्याहत्तरच्या दुष्काळात सास्तूर गावात रिकामं खोकं दिसलं की बायका ते चुलीत घालायच्या. कस्तुराबाई तेवढी पदराखाली झाकून घरी न्यायची. "बाईला खोक्यांचं डोहाळं लागल्यात," अशी चेष्टा आळीत रोज व्हायची, आणि चेष्टा करणारेच साबणाचं खोकं गुपचूप तिच्या दारात ठेवून जायचे.

सोसायटीच्या गोदामाच्या एका कोपऱ्यात कस्तुराबाई बालवाडी चालवायची. आया दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या की पोरं तिच्याकडं. पाट्या नव्हत्या, मग खोकीच. चहाच्या खोक्याचा तराजू, साबणाच्या खोक्याचा रहाट. सगळ्यांत लाडकी होती डोकावणी. लांब पुठ्ठ्याची नळी, तिच्या वर-खाली तिरके बसवलेले आरशाचे दोन तुकडे. खालून बघितलं की भिंतीपलीकडचं दिसायचं. चिकटवायला चिंचोक्याची खळ, कारण डिंक कुठनं आणणार?

एक दिवस सोसायटीचे चेअरमन महालिंगप्पा दारात येऊन उभे राहिले.

"बाई, सोमवारी सभा हाय. कडबा येतोय, कोपरा रिकामा करा."

"अन् पोरं?"

"बसतील की आयांजवळ, खडीवर."

खडीवर बसलेल्या एका पोरीच्या डोळ्यात कपची गेलेली कस्तुराबाईनं पाहिली होती. ती म्हणाली, "अप्पा, पोरं काय शिकली ते सभेत दाखवते. मग ठरवा."

"दाखवा. पण पुठ्ठ्यावर सोसायटी चालत न्हाय."

सोमवारी सकाळी बघते तर दाराला आडवी लावलेली बाज कलंडलेली. कडी गोदामाला कधी नव्हतीच. तराजू गायब, रहाट गायब, डोकावणीचे आरसे तेवढे जमिनीवर, आणि बाजूला शेणाचा ताजा पो. उपाशी जनावराला खळ लावलेला पुठ्ठा म्हणजे पंगतच, हे बाईच्या ध्यानातच आलं नव्हतं!

भिंतीला लागूनच अप्पांचा गोठा. ती तडक तिथं गेली.

"अप्पा, तुमच्या सर्जा बैलानं माझी बालवाडी खाल्ली."

"माझा सर्जा? पेंड खातो, पेंड!" अप्पांचं पोट दारात असं आडवं होतं की आतलं शेपूटही दिसेना.

कस्तुराबाई माघारी फिरली. रडायला सवड कुणाला होती? तिनं दाभण आणि सुतळी काढली. "खळ नको रे पोरांनो, शिवून काढू." पण खोकं? शेजारच्या केशरबाईनं अंड्यावरची कोंबडी उठवली आणि तिच्याखालचं खोकं दिलं. कोंबडीनं दिवसभर शिव्या घातल्या.

सभेच्या वेळेपर्यंत एकच डोकावणी उभी राहिली. पोरांनी ती भिंतीला लावून बघितली आणि पोट धरून हसायला लागली. कस्तुराबाईनंही डोळा लावला. "गप! कुणी बोलायचं न्हाय. अप्पांनाच बघू द्या."

सभा गोदामाच्या अंगणातच भरली. अप्पा म्हणाले, "हं, दाखवा. एवढंच?"

"एवढंच. बाकीचं पचलं असंल. त्या भिंतीपलीकडं बघा अप्पा."

अप्पांनी एक डोळा मिटला. दुसरा नळीला लावला, आणि नळी झटकन खाली घेतली.

"काय दिसतंय?" सभेतल्या तात्यारावांनी नळी हातातून ओढूनच घेतली आणि ओरडले, "आरं, शिंगात रहाट अडकवून सर्जा पेंड खातोय! बाईच्या तराजूच्या खोक्यातली!"

माणसं हसून लोळायची बाकी राहिली. अप्पांचं तोंड लाल. सावरून म्हणाले, "मग... कडबा माझ्या गोठ्यात ठेवू."

"सर्जाच्या हवाली?" कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा तोच दंगा.

शेवटी कडबा रचला गेला देवळामागं, आणि कोपरा पोरांचाच राहिला. दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतः हातोडा घेऊन आले आणि गोदामाला कडी ठोकली.

"पोरांसाठी न्हाय हां, बाई. माझ्या सर्जासाठी."

"व्हय अप्पा," खळीत कोरफडीचा कडू रस ढवळत कस्तुराबाई म्हणाली, "त्याच्या पोटाला जपायला पाहिजे."